न्हाणीघरातले धनुष्य

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला गल्लीत सगळे ‘गुण्या’ म्हणतात. गुण्या म्हणजे सुताराचे काटकोन तपासायचे अवजार. तोंडावर मात्र सगळ्यांचे ते दादा, आणि माझेही दादाच.

दादांनी आयुष्यभर दाराखिडक्यांच्या चौकटी केल्या. त्यामुळे जगात कुठेही काही तिरके दिसले की त्यांच्या पोटात दुखू लागते. आमचे लग्न ठरायच्या आधी ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्याकडे न बघता त्यांनी आमचे पुढचे दार तीनदा उघडून तीनदा लावले. घरी जाऊन बहिणीला म्हणाले, “मुलगा बरा आहे. दार खाली घासतं.” दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले असताना, अर्धे तोंड बधिर झालेले असूनही, खुर्चीतून उठून त्यांनी भिंतीवरचे दाढांचे चित्र सरळ केले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलातल्या पलंगाचा एक पाय आखूड निघाला. दादांनी जवळ पडलेल्या कागदाची घडी करून मला ती पायाखाली सारायला लावली. संध्याकाळी औषधे आणायला निघालो तर चिठ्ठी सापडेना. ती पलंगाखाली होती, आणि ती काढायची म्हणजे पलंग पुन्हा डुगडुगणार. “औषधाचं बघू,” दादा कण्हत म्हणाले, “आत्ताच कुठे जरा बरं वाटतंय.”

त्या गुडघ्यांमुळेच चौकटींचे काम सुटले. घरी बसलेले दादा तीन आठवड्यांत घरातले प्रत्येक कपाट, मांडणी आणि स्टूल सरळ करून मोकळे झाले, आणि मग वहिनींच्या शिलाई मशीनकडे पाहू लागले. वहिनी कपडे शिवतात. सुईत दोरा एका फटक्यात ओवतात, अजूनही, चष्म्याशिवाय. त्यांचा खांदा आखडला होता आणि डॉक्टरांनी हात मागे खेचायचा व्यायाम सांगितला होता, म्हणून त्या मैदानावरच्या तिरंदाजी मंडळात जाऊ लागल्या होत्या. महिनाभरात खांदा सुटला आणि वहिनींना नाद लागला. मंडळाचे धनुष्य मात्र त्यांच्या हाताला जड जाई. मशीनभोवती पाणसळ घेऊन घुटमळणाऱ्या नवऱ्याला त्या म्हणाल्या, “अहो, एवढी दारं केलीत जन्मभर. मला एक धनुष्य करून द्या. आणि माझ्या मशीनला हात लावलात तर बघा.”

पाणसळ म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा मध्ये आला की जागा सपाट. ती दादांच्या खिशात कायम असते, जशी इतरांच्या खिशात किल्ली असते.

पहिले धनुष्य बैठकीच्या खोलीत मोडले. त्याचा एक तुकडा छताच्या पंख्यात अडकला तो अजून तिथेच आहे. पंखा त्याच्यासकट फिरतो. वहिनींनी त्याच दिवशी दादांची अवजारांसकट न्हाणीघरात रवानगी केली. घरात नवे न्हाणीघर झाल्यापासून मागचे जुने रिकामेच होते. दादांनी मोरीच्या भोकावर लाकडी झाकण बसवले, इतके चपखल की खाली मोरी आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये, आणि ‘कारखाना’ सुरू केला. दुसरे आणि तिसरे धनुष्य तिथेच मोडले. चौथे टिकले. त्यानंतरची दादांनी गल्लीतल्या पोरांना वाटली, पण वहिनी सहा वर्षे ते चौथेच वापरत होत्या.

मी ऑफिसातून सुटल्यावर आठवड्यातून दोनदा तरी तिकडे जातो. आमची ही म्हणते, “तुमचं माहेर आहे की माझं?” पण दादांना दोरी ओढायला माणूस लागतो, आणि ते काम माझ्याकडे आहे. ओढ म्हटले की ओढायचे आणि थांब म्हटले की थांबायचे. नोकरीत पस्तीस वर्षे मी साधारण हेच केले आहे.

धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी, असे मला पूर्वी वाटे. तसे नसते. मुठीच्या दोन्ही बाजूंचे भाग सारखे वाकावे लागतात. दादा त्यांना हात म्हणतात, वहिनी बाह्या म्हणतात. एक हात ताठ राहिला की सगळा भार दुसऱ्यावर पडतो, बाण भलतीकडे जातो, आणि फार झाले की तुकडा पंख्यात जातो. म्हणून दादांनी न्हाणीघराच्या भिंतीशी एक खांब उभा केला आहे. खांबाच्या डोक्यावरच्या खोबणीत धनुष्याची मूठ आडवी बसते. प्रत्यंचेला हूक, हुकाला दोरी, दोरी खाली कप्पीतून माझ्या हातात. मी ओढतो, धनुष्य वाकते, आणि मागच्या भिंतीवर आखलेल्या निळ्या रेघांवरून दादा बघतात की दोन्ही टोके सारखी खाली येतात की नाही. जो हात ताठ, त्याच्यावर पेन्सिलीने खूण. मग फुटक्या काचेच्या तुकड्याने तेवढ्या जागेचे भुसकट काढायचे, आणि पुन्हा वीस वेळा ओढून सोडायचे. “लाकडाला कळायला पाहिजे ना आपण बारीक झालोय ते,” दादा म्हणतात. “माणसालासुद्धा पटकन कळत नाही.”

मुठीखाली एका बाजूला एक पातळ पाचर असे. ती काढली की धनुष्य निळ्या रेघांवर नीट बसत नसे. ती कशाला, असे मी पहिल्या वर्षी विचारले होते. “लाकूड आहे, थोडे नखरे करणारच,” असे उत्तर मिळाले, आणि मी पुन्हा विचारले नाही.

यंदा झाले असे की मंडळाच्या वार्षिक स्पर्धेला महिना असताना त्या चौथ्या धनुष्याला चीर गेली. स्पर्धेत वहिनींची आणि गल्लीच्या टोकाच्या गवंड्याची दर वर्षी जुंपते. गवंडी दुकानातले चकचकीत धनुष्य वापरतो, आणि सलग तीन वर्षे तो वहिनींच्या एकेक, दोन-दोन गुणांनी वर आला आहे. वर येऊन गप्प बसत नाही. “वहिनी, घरचं जेवण चांगलं, पण धनुष्य बाहेरचंच बरं,” म्हणतो.

चिरलेले धनुष्य वहिनींनी जेवणाच्या टेबलावर ठेवले. त्या वेळी मी आणि ही, दोघेही तिथेच होतो.

“हे बघा,” वहिनी म्हणाल्या, “आता शेवटचं सांगते. स्पर्धेच्या आत नवीन करून द्या. त्याने मी गवंड्याच्या वर आले, तर खोली तुमची, मी कधी नाव काढणार नाही. पण त्याच्या खाली आले, तर मी दुकानातलं धनुष्य आणणार. आणि त्या न्हाणीघरात माझं मशीन येणार. तिथे उजेड चांगला आहे.”

“दादा, हो म्हण,” ही म्हणाली. “नाहीतर ती आत्ताच मशीन उचलेल.”

दादांनी माझ्याकडे पाहिले. मी खिशातून कागद काढून अट लिहून घेतली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. अशा गोष्टी तोंडी ठेवल्या की नंतर फार घोळ होतो.

दादांकडे चांगली फळी एकच उरली होती. एका जुन्या घराच्या दाराची चौकट त्यांनी स्वतः काढली होती, तिची. रेघ न् रेघ सरळ, चाळीस वर्षे वाळलेली. “ही गेली की मीही गेलो,” असे म्हणून त्यांनी तिला करवत लावली.

पहिले दोन आठवडे फार बरे गेले. वहिनींना चौदा किलोचा ताण हवा होता. तेराच्या खाली गेला तर बाण तीस मीटर धड जाणार नाही, असे त्यांनी बजावले होते. आम्ही ताणकाटा लावला तेव्हा अठरा भरत होता. भरपूर वाव होता. मग दादांना उजवा हात ताठ दिसला. उजवा घासला. आता डावा ताठ दिसू लागला. डावा घासला. उजवा पुन्हा ताठ. टेबलाचे पाय सारखे करायला बसलेल्या माणसावर शेवटी पाट करून उठायची वेळ येते, तसे आमचे चालले होते. ताण सतरा झाला, सोळा झाला, पंधरा झाला.

वहिनी बटणे लावता लावता दारात डोकावत. “किती?”

“साडेचौदा.”

“कमी करू नका हं आता. मला बाण मारायचेत, पापण्या नाही हलवायच्या.”

स्पर्धा रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी ताण साडेतेरावर आला होता, आणि दादांच्या मते उजवा हात अजून नखभर ताठ होता. उजवीकडचा हात म्हणजे बाण मारताना वर येतो तो. काचेचा तुकडा घेऊन ते उभे होते. घासावे तर ताण तेराच्या खाली जायची भीती, न घासावे तर धनुष्य तिरके, आणि तिरकी वस्तू हातावेगळी करायची दादांची प्रकृती नाही. मी दोरी ओढून धरली होती. दादांनी खूण करायला हात पुढे केला आणि त्यांच्या हातून पेन्सिल पडली. ती घरंगळत उजव्या कोपऱ्यात गेली.

मी सहा वर्षे ती पेन्सिल त्याच कोपऱ्यातून उचलून देत होतो.

“दादा, एक विचारू?”

“ओढून धरलंय ना? मग विचारा.”

“ही पेन्सिल नेहमी ह्याच कोपऱ्यात का जाते?”

“गोल आहे म्हणून.”

“गोल आहे म्हणून घरंगळेल. पण कधीतरी डावीकडेही जायला हवी ना?”

दादांनी कोपऱ्याकडे पाहिले. तिथे ते चपखल झाकण होते. मग भिंतीवरच्या निळ्या रेघांकडे पाहिले, मग खांबाकडे, मग मुठीखालच्या पाचरीकडे. मी दोरी ओढूनच धरली होती.

“दादा, सोडू का?”

ते हळूच गुडघ्यांवर बसले, जे डॉक्टरांनी सक्त मना केले आहे, आणि खिशातली पाणसळ त्यांनी जमिनीवर ठेवली. बुडबुडा तडक एका टोकाला जाऊन बसला, आपले घरच तिथे असल्यासारखा.

मी सांगतो काय झाले होते. खांब दादांनी ओळंब्याने उभा केला होता, म्हणजे तो अगदी सरळ होता. भिंतीवरच्या रेघा मात्र त्यांनी जमिनीपासून टेपने मोजून काढल्या होत्या, दोन्हीकडून सारख्या, केसाचाही फरक नाही. आणि जमीन न्हाणीघराची. न्हाणीघराची जमीन मोरीकडे उतरती असते. खांब सरळ, रेघा उतरत्या. पाचर सारून धनुष्य त्या उतरत्या रेघांवर बसवायचे, आणि मी दोरी सरळ खाली ओढायची. त्यामुळे मोरीकडचा उजवा हात ताठ नसूनही ताठ दिसे, आणि दादा सहा वर्षे तोच घासत होते.

“दवाखान्यात पाणसळ लावलीत,” मी म्हणालो, “बँकेत लावलीत, आमच्या जेवणाच्या टेबलावर दर वेळी लावता—”

“आपल्याच घरात कोण पाणसळ लावतं, भाऊजी?” दादा जमिनीवरूनच म्हणाले.

मी त्यांना उठवले. त्यांनी पाचर काढून फेकली, लाल पेन्सिल आणली, आणि निळ्या रेघांवरूनच पाणसळीने नव्या लाल रेघा आखल्या. मी दोरी ओढली. दोन्ही टोके एकाच लाल रेघेवर एकदम उतरली. आणखी ओढली. पुढच्या रेघेवरही बरोबर. धनुष्य सारखेच होते! घासायला घेतलेली ती शेवटची काच टेकवली असती, तर ते बिघडले असते. दादांनी मला अकरा वेळा ओढायला लावले. शेवटच्या वेळी तर ते भिंतीकडे बघतही नव्हते, नुसते डोळे मिटून उभे होते.

“अगं ए! इकडे ये! बघ तरी!”

“काज करून होऊ दे,” आतून आवाज आला.

“माझ्या हातून पहिल्यांदा सरळ धनुष्य झालंय!”

मशीन थांबले. “म्हणजे आधीची काय होती?”

मी दोरी गुंडाळू लागलो.

शनिवारी सकाळी आम्ही चौघे मैदानावर गेलो. वहिनींनी पवित्रा घेतला, ओढले, सोडले. बाण लक्ष्यावरच्या कागदाच्या खालच्या कडेत घुसला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा त्याच्याही शेजारी. तिन्ही एका ओळीत, अगदी शिस्तीत, आणि तिन्ही मधल्या ठिपक्याच्या वीतभर खाली.

“अहो, काय करून ठेवलंत हे?”

“का? सरळ आहे ते.”

“बाण खाली जातोय.”

“तू खाली मारतेस.”

“मी सहा वर्षं जिथे मारते तिथेच मारतेय!”

“कुठे मारतेस?”

वहिनींनी धनुष्य खाली केले. “खालच्या खिळ्यावर.”

लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या ठिपक्याखाली वीतभर अंतरावर कागद ठोकलेला एक खिळा असतो. दादा त्या खिळ्याकडे बघतच राहिले.

“एवढा मोठा पिवळा ठिपका सोडून खिळ्यावर? का?”

“कारण तुमची धनुष्यं बाण वर फेकतात म्हणून! पहिल्या दिवसापासून. मी तेव्हाच म्हटलं होतं, वरची बाही ढिली झालीय. तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.”

“दीड.”

“दीड. मग म्हटलं, जाऊ दे. माणूस एवढा मन लावून घासतोय. मी खाली मारते, त्यात काय बिघडलं?”

ही माझ्याकडे बघून म्हणाली, “बघा. मी तुम्हाला नुसतं मीठ जास्त झालंय का विचारते, तर तुम्ही खरं सांगता.”

दादा म्हणाले, “बरं. मग आता वर मार. ठिपक्यावर.”

वहिनींनी ठिपक्यावर नेम धरला. पण सहा वर्षांची सवय हाताला खाली खेचत होती, आणि तिला हिसका देऊन वर आणायच्या नादात बाण लक्ष्यावरून, कुंपणावरून पलीकडच्या रोपवाटिकेत गेला. काहीतरी फुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने रोपवाटिकेवाला एका हातात बाण आणि दुसऱ्या हातात कुंडीचा तुकडा घेऊन आला. कोणाकडे काय द्यावे ह्याचा त्याला अंदाज येईना, म्हणून त्याने दोन्ही माझ्याकडे दिले.

“दहा दिवस असते तर बदलली असती मी सवय,” वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे दादा जास्तच घाबरले. “उद्या सकाळी आहे स्पर्धा. मशीन हलवायला माणसं सांगून ठेवा, भाऊजी.”

मैदानावरून दादा घरी गेलेच नाहीत. ते थेट गवंड्याकडे निघाले. काही बरेवाईट बोलतील म्हणून मी मागोमाग गेलो. न्हाणीघराची ती जमीन चोवीस वर्षांपूर्वी गवंड्यानेच केली होती. गवंडी दारात बसून थापी घासत होता.

“माझ्या न्हाणीघराची जमीन तिरकी केलीस तू!” दादा रस्त्यावरूनच ओरडले.

“मग?” गवंडी म्हणाला.

“मग म्हणजे? मी सहा वर्षं तिच्यावरून धनुष्यं मापतोय!”

“दादा, तिथे धनुष्य ताणतात हे तुम्ही मला तेव्हा सांगायला हवं होतं. मला वाटलं आंघोळ करतात.”

गवंड्याने स्टूल पुढे सरकवले. दादांनी सवयीने त्याच्यावर पाणसळ ठेवली, आणि मग बसले.

“चोवीस वर्षांत कधी पाणी तुंबलं?” गवंड्याने विचारले.

“नाही.”

“पायाच्या बोटाला तरी लागलं?”

“नाही.”

“फुटाला पाव इंच उतार दिला होता. मोजून. कमी दिला तर साचतं, जास्त दिला तर म्हातारी माणसं घसरतात. तुमच्यासारखी पाणसळ घेऊन मी सगळं सपाट करत हिंडलो असतो, तर गल्लीभर लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून तोंड धूत असते. चहा घेणार?”

भांडायला गेलेले दादा चहा पिऊन उठले. परतताना ते कोपऱ्यावर आल्यावर थांबले.

“भाऊजी, हिला नेम कुठे धरायचाय?”

“खिळ्यावर.”

“आणि बाण कुठे पाहिजे?”

“ठिपक्यावर.”

“म्हणजे तिला वीतभर उतार पाहिजे,” दादा म्हणाले, आणि इतक्या भरभर चालू लागले की ऑपरेशन त्यांच्या गुडघ्याचे झाले होते की माझ्या, असा प्रश्न पडावा.

न्हाणीघरात शिरून त्यांनी कोपऱ्यात फेकलेली पाचर शोधली. ती अर्थातच मोरीच्या झाकणाजवळ सापडली. ती मुठीखाली सारली आणि धनुष्य पुन्हा निळ्या रेघांवर बसवले. मी दोरी धरली. दादांनी काचेचा तुकडा उचलला, ठेवला, उचलला.

“माझ्या हातून झालेलं एकुलतं एक सरळ धनुष्य आहे हे,” ते म्हणाले. “काल संध्याकाळी झालं. एक दिवससुद्धा नाही राहिलं.”

“दादा, राहू दे हवं तर. खोली गेली तर आमच्याकडे मागची गच्ची आहे.”

“तुमची गच्ची पाहिलीय मी. तीसुद्धा उतरती आहे.” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “सहा वर्षं ती माझ्यासाठी खिळ्यावर मारत होती. मला एक दिवस काच चालवायला काय होतंय?”

त्यांनी वरच्या हातावर काच चालवली. प्रत्येक घासणीला ते स्वतःच ‘चक् चक्’ करत, दुसऱ्याचा दात उपटताना बघावे तसे. पाच घासण्या, वीस वेळा ओढणे, ताणकाटा: सव्वातेराच्या थोडा वर. उजवे टोक निळ्या रेघेच्या अजून वर. आणखी तीन घासण्या. सव्वातेरा. टोक जवळ आले. दादांनी आणखी दोन घासण्या केल्या. मी वीस वेळा ओढले, आणि मग काटा लावायची माझी हिंमत होईना. दादांनीच लावला. काटा तेराच्या रेघेच्या केसभर वर थांबला, आणि दोन्ही टोके निळ्या रेघेवर होती.

“झालं वाकडं,” दादा म्हणाले. “अगदी बरोबर वाकडं झालं.”

रविवारी दादांना लक्ष्यांच्या जवळ जायला मनाई होती, कारण गेल्या वर्षी त्यांनी लोकांचे बाण सुटत असताना एक स्टँड सरळ केला होता. त्यामुळे ते दोरीच्या अलीकडे माझा दंड धरून उभे होते. वहिनींनी पहिला बाण खिळ्यावर नेम धरून सोडला. तो पिवळ्या ठिपक्याच्या कडेला लागला. दादांनी माझा दंड इतका दाबला की पुढचे चार बाण मला नीट दिसलेच नाहीत. बारा बाण झाले. गवंड्याचेही बारा झाले. मंडळाच्या माणसाने गुण दोनदा मोजले, आणि मग जाहीर केले की पहिल्या आल्या आहेत दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या यंदा प्रथमच आल्या होत्या, आणि कोणी त्यांच्याकडे पाहिलेही नव्हते. दुसऱ्या वहिनी. एका गुणाने तिसरा गवंडी.

“दुसरी आले,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे हरलेच की.”

मी खिशातून कागद काढला आणि मोठ्याने वाचून दाखवला. अट ‘गवंड्याच्या वर’ एवढीच होती. डॉक्टरीणबाईंचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता.

वहिनींनी कागद घेतला, स्वतःची सही नीट बघितली, आणि धनुष्य दादांच्या हातात दिले. “हे धरा. वरची बाही ढिली आहे.”

“मुद्दाम केलीय,” दादा म्हणाले.

“माहीत आहे. म्हणून सांगतेय, छान झालीय.”

दादांनी तोंड फिरवून जवळच्या फलकाला पाणसळ लावली.

पुढच्या मंगळवारी मी न्हाणीघरात दोरी गुंडाळत होतो तेव्हा गवंडी दारात आला. एक पाय आत, एक बाहेर, हात मागे.

“दादा, मला एक करून द्याल का? लाकडी. दुकानातलं आता नको वाटतं.”

“देईन की. कसं पाहिजे?”

“सरळ. अगदी तुमच्या पाणसळीसारखं. ते वहिनींच्यासारखं वाकडं-बिकडं नको मला.”

“सरळच देतो,” दादा म्हणाले. गवंडी खूश होऊन गेला.

महिन्याभराने त्याची फळी धनुष्याच्या आकाराला आली आणि आम्ही ती पहिल्यांदा खांबावर चढवली. दादांनी पाचर घेतली, मुठीखाली सारली, आणि दोन पावले मागे सरकून चष्मा पुसला.

“दादा,” मी म्हणालो, “ह्या निळ्या रेघा आहेत.”

“माहीत आहे.”

“सरळ मागितलंय त्यांनी.”

“रेघा त्याच्याच जमिनीवरून काढल्यात. फुटाला पाव इंच, मोजून.” दादांनी कानामागची पेन्सिल काढली. “ओढा, भाऊजी.”

ओढ म्हटले की ओढायचे. मी ओढले.